डॉक्टर असून मेडिकल असिस्टंटचं सर्टिफिकेट घ्यावं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्रलेखिका ३६ वर्षांच्या आहेत आणि न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कॉलेजातून त्यांनी बीएचएमएस केलं आणि इंटर्नशिप संपवून चार वर्षं स्वतःचा दवाखाना चालवला. नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत आल्या, दोन मुलं झाली आणि सात वर्षं घरातच गेली. नवऱ्याचं आय-१४० (ग्रीनकार्डच्या वाटेवरचा, कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाल्यामुळे आता त्यांना एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर ईएडी, म्हणजे नोकरीचा परवाना, मिळालं आहे. जवळच्या एका खासगी करिअर स्कूलने त्यांना नऊ महिन्यांचा मेडिकल असिस्टंटचा सर्टिफिकेट कोर्स सुचवला आहे. फी १७,८०० डॉलर. येत्या शुक्रवारपर्यंत नाव नोंदवलं तर दोन हजारांची सूट. माहितीपत्रकात सुरुवातीचा पगार तासाला २५ ते २८ डॉलर दिला आहे. नवरा म्हणतो, ‘पैशाचं मी बघतो, तू कर.’ सध्या इथे आलेल्या सासूबाई म्हणतात, ‘डॉक्टर असून दुसऱ्या डॉक्टरच्या हाताखाली बीपी मोजत बसणार का?’ माहेरी अजून कुणाला सांगितलेलं नाही. त्यांचे प्रश्न तीन आहेत. एवढे पैसे घालावेत का? स्कूलच्या प्रवेश विभागातल्या बाई म्हणतात तशी ही नर्सिंगची पहिली पायरी आहे का? आणि नोकरीच्या अर्जात आपण डॉक्टर होतो हे लिहावं की गाळावं?

सल्ला

ताई,

हा शुक्रवार जाऊ द्या. दोन हजारांची सूट गेली तर गेली. जो कोर्स या महिन्यात चांगला आहे तो दोन महिन्यांनीही चांगलाच असणार, आणि ज्या संस्थेला तुमची सही चार दिवसांत हवी आहे तिला तुम्ही चौकशी केलेली नको आहे. मी इथल्या बाह्यरुग्ण क्लिनिकांमध्ये माणसं नेमण्याच्या कामात बरीच वर्षं आहे. आपल्याकडच्या बीएचएमएस, बीएएमएस, बीडीएस झालेल्या किती तरी मुली माझ्यासमोर मुलाखतीला बसल्या आहेत. त्यांतल्या काहींनी तुमच्यासारखीच रक्कम भरलेली असते, आणि शेजारच्या खुर्चीत तीच नोकरी मागायला आलेली मुलगी कम्युनिटी कॉलेजातून तिसऱ्या हिश्श्याच्या खर्चात शिकून आलेली असते. पगार दोघींना एकच मिळतो. म्हणून आधीच सांगते, की मेडिकल असिस्टंट व्हायला माझी ना नाही, १७,८०० डॉलर द्यायला मात्र आहे.

पण पैशाआधी कामाबद्दल बोलू या, कारण तुमच्या पत्रात कोर्सबद्दल दोन पानं आहेत आणि कामाबद्दल एकच वाक्य आहे, तेही सासूबाईंचं.

मेडिकल असिस्टंटची सकाळ साधारण अशी जाते. पहिला पेशंट सव्वाआठला. त्याला वेटिंग रूममधून हाक मारायची, वजन, बीपी, नाडी, ऑक्सिजन बघायचं, घेत असलेली औषधं एकेक करून कॉम्प्युटरवर पडताळायची, येण्याचं कारण त्याच्याच शब्दांत नोंदवायचं आणि खोली तयार ठेवायची. डॉक्टर आत गेले की दुसऱ्या खोलीत दुसरा पेशंट. मध्येच ईसीजी, मध्येच फ्लूची लस, मध्येच लघवीची तपासणी. दुपारी फोन: औषधाचं रिफिल, स्पेशालिस्टकडे पाठवायचे कागद, आणि विमा कंपनीची प्रायर ऑथोरायझेशन (खर्चाला आधी घ्यायची मंजुरी), ज्यात एका एमआरआयसाठी अर्धा तास फोन धरून बसावं लागतं. दिवसाला वीस-पंचवीस पेशंट सहज होतात आणि पाय दुखतात.

यातलं बरंचसं तुमच्या हाताला आधीच माहीत आहे. जे माहीत नाही ते म्हणजे गप्प राहणं, आणि तुम्हाला तेच जड जाणार. पेशंट तुम्हाला सांगेल की चार दिवस जिना चढताना छातीत दाबल्यासारखं होतंय. तुमच्या डोक्यात चार निदानं येतील. तुम्ही मात्र ते लिहून घ्यायचं, लगेच डॉक्टरांना किंवा नर्सला सांगायचं आणि पेशंटला ‘हे ॲसिडिटीचं असेल हो’ असा धीरही द्यायचा नाही. निदान करणं, पेशंटची स्थिती स्वतःच्या अकलेने जोखणं, सल्ला देणं हे मेडिकल असिस्टंटच्या कक्षेत बसत नाही. एडिसनमध्ये तर रांगेतला प्रत्येक तिसरा पेशंट आपल्यातला. मराठीत, हिंदीत, गुजरातीत तुमच्याशी बोलताना एखाद्या आजी हळूच विचारतील, ‘तू पण डॉक्टर ना गं, तुला काय वाटतं?’ त्यांना काय उत्तर द्यायचं याचा विचार आत्ता करा. मी उत्तम मुली याच जागी अडखळलेल्या पाहिल्या आहेत, आणि दुसऱ्या काही जणी पहिल्या महिन्यातच त्या मर्यादेत रुळून पुढे क्लिनिकचा कणा झालेल्याही पाहिल्या आहेत.

तुम्ही कोणत्या प्रकारातल्या आहात हे मला पत्रावरून कळणार नाही, तुम्हालाही घरी बसून कळणार नाही. म्हणून पैसे भरण्याआधी ओळखीच्या एखाद्या डॉक्टरांना विचारा की एक-दोन दिवस मागे उभं राहून काम बघू देतील का. खासगी नोंदींच्या नियमांमुळे काही जण नाही म्हणतील, काही जण एका कागदावर सही घेऊन हो म्हणतील. तेही जमलं नाही तर हे काम करणाऱ्या एखाद्या बाईला घरी चहाला बोलवा आणि तिचा सगळ्यात वाईट दिवस कसा गेला ते विचारा.

आता सर्टिफिकेट. यात दोन वेगळे कागद आहेत आणि प्रवेश विभागातली माणसं त्यांची सरमिसळ होऊ देतात. एक कागद शाळा देते, कोर्स पूर्ण केल्याचा. दुसरा कागद राष्ट्रीय परीक्षा घेणारी संस्था देते. नोकरीच्या जाहिरातीत जे ‘सर्टिफाइड’ लिहिलेलं असतं ते या दुसऱ्या कागदाबद्दल असतं. सीएमए ही परीक्षा अमेरिकन असोसिएशन ऑफ मेडिकल असिस्टंट्स घेते. आरएमए अमेरिकन मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट्सची, तर सीसीएमए नॅशनल हेल्थकरिअर असोसिएशनची. परीक्षेची फी दीडशे-अडीचशे डॉलरच्या घरात असते, तेव्हा मोठी रक्कम जाते ती शिकवणीला. सीएमएला बसण्याचा मुख्य रस्ता म्हणजे सीएएएचईपी किंवा एबीएचईएस या संस्थांनी मान्यता दिलेल्या कोर्समधून बाहेर पडणं. सीसीएमएला गेल्या पाच वर्षांत पूर्ण केलेलं प्रशिक्षण चालतं, किंवा गेल्या तीन वर्षांतला वर्षभराचा प्रत्यक्ष कामाचा अनुभवही चालतो. नूतनीकरणही वेगवेगळं आहे: सीएमए पाच वर्षांनी, सीसीएमए दोन वर्षांनी.

कायद्याचं म्हणाल तर हे काम करायला देशभर लागू होणारं असं कुठलंही लायसन्स नाही. प्रत्येक राज्याचं वेगळं. वॉशिंग्टन राज्यात आरोग्य विभागाकडे रीतसर नोंदणी लागते. पुष्कळ राज्यांत डॉक्टर स्वतः शिकवून माणूस तयार करू शकतात. तुमच्या न्यू जर्सीत मात्र एक महत्त्वाची मेख आहे. इथल्या बोर्ड ऑफ मेडिकल एक्झामिनर्सच्या नियमांप्रमाणे डॉक्टरांना इंजेक्शन देण्याचं काम मेडिकल असिस्टंटवर सोपवायचं असेल, तर तिने मान्यताप्राप्त कोर्स केलेला असावा लागतो आणि तिच्याकडे राष्ट्रीय संस्थेचं चालू सर्टिफिकेशन असावं लागतं. जिथे दिवसाला पंधरा लसी टोचल्या जातात अशा फॅमिली प्रॅक्टिसला किंवा बालरोगतज्ज्ञांना इंजेक्शन न देऊ शकणारी माणसं अपुरी पडतात. त्यामुळे तुमच्या मैत्रिणीने सुचवलेला चारशे डॉलरचा ऑनलाइन कोर्स, ज्याचा उल्लेख तुम्ही ताजा कलम म्हणून केला आहे, तो स्वस्त असला तरी तुमच्या राज्यात तोकडा पडण्याची शक्यता मोठी आहे. टेक्सासमधल्या तिच्या बहिणीला तो चालला असेल. दुसऱ्या राज्यातल्या माणसाचा अनुभव इथे लावू नका, आणि हे वाचणाऱ्या इतरांनीही न्यू जर्सीचा नियम आपल्याकडे लावू नये. आपापल्या राज्याच्या मेडिकल बोर्डाचा नियम स्वतः वाचावा.

अवघड जागा ही आहे. फार स्वस्त घेऊन भागत नाही, आणि फार महाग घेण्याची गरज नाही. मधला रस्ता बहुतेक काउंटी (जिल्हा) कॉलेजांतून, म्हणजे इथल्या कम्युनिटी कॉलेजांतून जातो. तिथे काउंटीच्या रहिवाशांना क्रेडिटला दोनशे डॉलरच्या आसपास फी धरली, तर तीस क्रेडिटच्या सर्टिफिकेटचे सहा हजार होतात, वर पुस्तकं, स्क्रब्ज, लसीकरणाचे कागद, परीक्षेची फी. एच-४ वर रहिवाशाचा दर लागतो का हे त्या कॉलेजच्या कार्यालयात लेखी विचारून घ्या. कॉलेज निवडताना मात्र पहिला प्रश्न एकच: या कोर्सला सीएएएचईपी किंवा एबीएचईएसची मान्यता आहे का? ‘कॉलेज मान्यताप्राप्त आहे’ हे उत्तर पुरेसं नाही, कोर्सबद्दल विचारा. दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर यादी शोधता येते.

आता तुमच्या माहितीपत्रकातल्या पगाराकडे येते. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या मे २०२४ च्या आकड्यांनुसार देशातल्या मेडिकल असिस्टंटचा मध्यम पगार वर्षाला ४४,२०० डॉलर आहे, म्हणजे तासाला सव्वाएकवीसच्या जवळपास. सगळ्यात वरच्या दहा टक्क्यांचा पगार ५७,८३० च्या पुढे सुरू होतो, म्हणजे तासाला साधारण २८ डॉलर. न्यू जर्सीत पगार देशाच्या मानाने थोडे जास्त असतात हे मान्य. तरीही नवशिकीला सुरुवातीलाच २८ डॉलर देऊ करणारं क्लिनिक शोधून सापडणार नाही. तो आकडा कुठून आला, किती विद्यार्थ्यांचा, कुठल्या वर्षाचा, हे स्कूलला ईमेलवर विचारा. उत्तर फोनवर मिळालं तर ते मिळालंच नाही असं समजा.

हा संशय मी उगाच घेत नाही. कोरिंथियन कॉलेजेस नावाची मोठी कंपनी होती, ‘एव्हरेस्ट’ या नावाने तिच्या शाखा गावोगावी होत्या आणि मेडिकल असिस्टिंग हा तिच्या मुख्य कोर्सेसपैकी एक होता. तिच्या हील्ड कॉलेजने नोकरी लागण्याचे आकडे फुगवून सांगितल्याबद्दल शिक्षण खात्याने एप्रिल २०१५ मध्ये जवळपास ३ कोटी डॉलरचा दंड प्रस्तावित केला आणि त्याच महिन्यात कंपनीने उरलेल्या सगळ्या शाखा एका दिवसात बंद केल्या. अर्ध्यावर असलेली मुलं रस्त्यावर आली. सात वर्षांनी, जून २०२२ मध्ये, सरकारने तिच्या ५ लाख ६० हजार जुन्या विद्यार्थ्यांचं ५८० कोटी डॉलरचं कर्ज माफ केलं. त्यात कितीतरी जणी तुमच्यासारख्या होत्या: हातात मूल, घरात एकच पगार, आणि वर्षभरात पायावर उभं राहायची घाई. तुमची शाळा तशी आहे असं मी म्हणत नाही, मला ती माहीत नाही. पण शिक्षण खात्याचं ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ म्हणून एक मोफत संकेतस्थळ आहे. त्यावर कुठल्या संस्थेतून कुठला कोर्स केलेल्यांना पुढे किती पगार मिळाला आणि त्यांच्यावर किती कर्ज होतं हे पुष्कळदा सापडतं. आधी तिथे बघा.

आणि आता घरचा हिशेब, तुमच्याच आकड्यांनी. तासाला २१ डॉलर, आठवड्याला ४० तास धरले तर वर्षाचे ४३,७०० च्या आसपास. हे उत्पन्न नवऱ्याच्या पगारावर चढणार, त्यामुळे फेडरल कर, न्यू जर्सीचा कर, सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा सरकारी आरोग्यविमा) मिळून साधारण एक तृतीयांश जाईल असं धरा. उरले २९,०००. तुम्ही लिहिल्याप्रमाणे दोन्ही मुलांचं आफ्टर-केअर (शाळा सुटल्यानंतरचं पाळणाघर) महिन्याला ९०० डॉलर, वर्षाचे १०,८००. उन्हाळ्यातल्या कॅम्पचे वेगळे, ते मी धरलेलेच नाहीत. हाती अठरा हजार. म्हणजे महागड्या कोर्सची फी फिटायला पूर्ण वेळ नोकरीचं एक आख्खं वर्ष, तेही परीक्षा पहिल्या फटक्यात पास होऊन लगेच नोकरी लागली तर. सहा हजारांचा कोर्स चार महिन्यांत फिटतो. नवरा ‘पैशाचं मी बघतो’ म्हणतो ते प्रेमाने म्हणतो, पण हा कागद दोघांनी एकत्र बसून मांडा. पुढे कधी चिडचिड झाली की ‘एवढे पैसे घातले तुझ्यावर’ हे वाक्य घरात यायला नको.

या हिशेबात न मावणाऱ्या दोन गोष्टी तुमच्या बाजूने आहेत आणि त्या लहान नाहीत. एक, इथला पहिला पगार, पहिली बॉस, पहिली शिफारस. सात वर्षांच्या खंडानंतर ते फार मोलाचं असतं. दुसरी गोष्ट आपल्या बायका क्वचितच बोलतात: तुमच्या स्वतःच्या नावावर सोशल सिक्युरिटीची क्रेडिट्स जमायला लागतात. वर्षाला जास्तीत जास्त चार, आणि निवृत्तीच्या हक्कासाठी चाळीस लागतात, म्हणजे कमीत कमी दहा वर्षांचं काम. भारताशी अमेरिकेचा याबाबतीत करार नाही, त्यामुळे तिकडच्या दवाखान्याची वर्षं इथे मोजली जात नाहीत. छत्तिसाव्या वर्षी सुरुवात करायला काहीच उशीर झालेला नाही. अजून दहा वर्षं घरी काढलीत तर तो व्हायला लागेल.

नर्सिंगच्या पायरीबद्दल मला तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं, कारण तुम्ही मुख्यतः त्या आशेवर पैसे भरायला निघाला आहात. खासगी करिअर स्कूलमधले विषय नर्सिंग कॉलेज सहसा स्वीकारत नाही. तिथे नऊ महिने घालवून तुम्ही नर्सिंगच्या दारात गेलात तर ते शरीररचना व शरीरक्रिया भाग एक आणि दोन, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र हे विषय प्रयोगशाळेसह नव्याने मागतील. बीएचएमएसला तुम्ही प्रेत चिरून शिकलात तरीही बहुतेक ठिकाणी मागतील, कारण ते विषय अलीकडच्या काही वर्षांत आणि इथल्या कॉलेजात झालेले हवे असतात. तेव्हा मनात खरंच नर्सिंग असेल तर तेच विषय काउंटी कॉलेजात एकेक करून आत्तापासून घ्या. तुमच्या पदवीचं मूल्यमापन करून घ्या. ती पदवी बॅचलरच्या बरोबरीची ठरली तर दुसऱ्या पदवीचा जलद बीएसएन (नर्सिंगची पदवी) हा बारा ते अठरा महिन्यांचा मार्गही खुला होतो, मात्र तो महाग असतो आणि त्या काळात घर सांभाळणारं दुसरं माणूस लागतं. रजिस्टर्ड नर्सचा मध्यम पगार मे २०२४ मध्ये ९३,६०० डॉलर होता, मेडिकल असिस्टंटच्या दुपटीहून जास्त. या फरकाकडे बघून मला वाटतं, की चौथ्या-पाचव्या वर्षी नर्स व्हायचंच असेल तर मधला कोर्स म्हणजे वळसा आहे.

एका प्रकारे मात्र ही नोकरी पायरी ठरते. मोठ्या हॉस्पिटल समूहांची क्लिनिकं असतात आणि त्यांतले बरेच समूह कर्मचाऱ्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलतात. करातल्या सवलतीमुळे वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची अशी मदत कर्मचाऱ्याला करमुक्त मिळते. तिथे मेडिकल असिस्टंट म्हणून लागलात आणि त्यांच्या पैशातून नर्सिंगचे विषय पूर्ण केलेत तर पायरी खरी. नोकरी शोधताना पन्नास सेंट जास्त देणाऱ्या एकट्या डॉक्टरांपेक्षा ही सोय देणारा समूह मी निवडेन. किती महिने नोकरी झाल्यावर ती लागू होते आणि अर्धवेळ कर्मचाऱ्यांना मिळते का, हे मुलाखतीतच विचारा.

तुम्ही पत्रात कुठेच न लिहिलेला एक रस्ताही सांगते. इथे डॉक्टर म्हणून परवाना मिळवण्याचा मार्ग बीएचएमएसला नाही. यूएसएमएलईला, म्हणजे इथल्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेला, बसण्यासाठी लागणारी पात्रता त्या पदवीतून येत नाही. हे तुम्ही बहुधा केव्हाच स्वीकारलं असेल. पण तुम्ही राहता तो भाग औषध कंपन्यांचा आहे. जॉन्सन अँड जॉन्सन न्यू ब्रन्सविकला, मर्क राहवेला, ब्रिस्टल मायर्स स्क्विब प्रिन्स्टनजवळ, आणि त्यांच्या आजूबाजूला त्यांची कामं घेणाऱ्या कितीतरी लहान कंपन्या. औषधाचे दुष्परिणाम नोंदवून तपासणं, क्लिनिकल ट्रायलची कागदपत्रं आणि पेशंट सांभाळणं या कामांत बीएचएमएस-बीएएमएस झालेली माणसं पुण्या-मुंबईत भरपूर आहेत आणि इथेही आहेत. तुमच्या बॅचमधलं कुणी ना कुणी नक्की या क्षेत्रात असेल. त्यांना फोन करा. अनुभवाशिवाय शिरकाव सोपा नसतो, काही महिने अर्ज करण्यात जातील. पण तिथे तुमचं निदानाचं डोकं वापरलं जातं, आणि गप्प राहण्याची ती अट तिथे तशी नाही. पेशंटचा स्पर्श मात्र नसतो. दिवसभर स्क्रीन. तुम्हाला कशाची ओढ आहे? ‘मला परत पेशंटमध्ये जायचंय’ हे वाक्य तुमच्या पत्रात दोनदा आलं आहे, म्हणून मी या रस्त्याचा आग्रह धरत नाही, फक्त दाखवून ठेवते.

ईएडीचं थोडक्यात. तुमचं कार्ड कधी संपतं ते पाहा आणि १८० दिवस आधीच नूतनीकरणाचा अर्ज करा. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ मिळत नाही, त्यामुळे नवं कार्ड हातात येईपर्यंत काम थांबवावं लागू शकतं. कोर्सच्या शेवटी क्लिनिकमध्ये किमान १६० तासांचं प्रत्यक्ष काम असतं. ते बिनपगारी असलं तरी ज्यांच्याकडे ईएडी नाही अशा एच-४ वरच्या वाचकांनी त्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारावं. एच-४ वर पेल ग्रँट (परत न फेडायची सरकारी शिक्षणमदत) किंवा सरकारी शैक्षणिक कर्ज मिळत नाही. ग्रीनकार्डवाल्यांना कर्ज मिळू शकतं, पण आधीची बॅचलर पदवी असली, अगदी भारतातली असली तरी, पेल ग्रँट सहसा नाकारली जाते. काउंटीच्या वन-स्टॉप करिअर सेंटरमध्ये (नोकरी शोधणाऱ्यांसाठीचं सरकारी मदत केंद्र) मात्र जाऊन या. नोकरीची परवानगी असलेल्यांना तिथून प्रशिक्षणाच्या खर्चाला हातभार लागू शकतो आणि चौकशीला पैसे पडत नाहीत.

सासूबाईंचं बोलणं तुम्हाला लागलं आहे हे पत्रात दिसतं. त्यांच्या बोलण्यात तुमच्या डॉक्टरकीचा अभिमानही आहे, तो तुम्ही बघावा असं वाटतं. त्यांनी तुम्हाला दवाखान्याच्या खुर्चीत पाहिलंय. त्यांना या देशात एखादं काम हाताखालचं असलं तरी कुणी त्यावरून माणसाला जोखत नाही वगैरे पटवत बसू नका. ते पूर्ण खरंही नाही, क्लिनिकमध्ये उतरंड असतेच. त्यांना एवढंच सांगा की सात वर्षं पेशंटपासून लांब राहून तुम्हाला काय होतंय. माहेरीही सांगून टाका. लपवून केलेल्या गोष्टीची लाज आपोआप वाढते, आणि नऊ महिन्यांच्या शिक्षणात मुलं आजारी पडतील तेव्हा तुम्हाला आईशी मोकळं बोलावंसं वाटेल.

तर येत्या काही आठवड्यांत हे करा. घरापासून गाडीने वीस मिनिटांत येणारी पाच-सहा क्लिनिकं निवडा: एक बालरोग, एक फॅमिली मेडिसिन, एक अर्जंट केअर, एक हृदयरोग, शक्यतो त्यांतली दोन मोठ्या समूहाची. ऑफिस मॅनेजरला दुपारी दोननंतर फोन करा, सकाळी कुणाला वेळ नसतो. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. सरळ सांगा की मी हा कोर्स करायचा विचार करतेय आणि तुम्ही कुठल्या सर्टिफिकेशनची माणसं घेता, इथल्या कुठल्या कॉलेजातून घेता, सुरुवातीला किती देता, एवढं सांगाल का. बहुतेक जण सांगतात, कारण त्यांनाही माणसं हवी असतात. दोन मॅनेजरांनी एकाच कॉलेजचं नाव घेतलं तर तिथे प्रवेश घ्या. कुणी ‘फ्रंट डेस्कला आत्ता जागा आहे, कोर्स करता करता संध्याकाळी या’ म्हणालं तर तेही नाकारू नका.

राहिला तिसरा प्रश्न. लिहा, नक्की लिहा. चार वर्षं दवाखाना चालवला हे गाळलंत तर तुमच्या अर्जात अकरा वर्षांची पोकळी दिसते, आणि ती पोकळी पदवीपेक्षा जास्त प्रश्न उभे करते. नावाआधी डॉ. लावू नका, इथल्या क्लिनिकमध्ये त्याने पेशंटचा गोंधळ होईल. शिक्षणाच्या रकान्यात बीएचएमएस, भारत, वर्ष. अनुभवाच्या रकान्यात दिवसाला किती पेशंट बघत होतात, कुठल्या वयोगटातले, कुठल्या भाषांत, हे लिहा. मुलाखतीत मॅनेजर एक प्रश्न विचारणारच: ‘एवढं शिकून तुम्हाला ही नोकरी कशाला हवी, किती दिवस टिकणार?’ तेव्हा कामाची कक्षा तुम्हाला ठाऊक आहे हे सांगा, आणि पुढच्या दोन वर्षांचा खरा बेत सांगा. नर्सिंगला जायचं असेल तर तेही सांगा. मी स्वतः त्या टेबलाच्या पलीकडे बसते. दोन वर्षं मन लावून काम करीन आणि मग शिकायला जाईन असं सरळ सांगणारी मुलगी मी आनंदाने घेतलेली आहे.